मोटारकर्जाची कोटेशने ताडून पाहण्याची रीत

एकाच गाडीसाठी तीन शोरूममधून तीन कोटेशने घरी आली की सगळ्यांची पहिली नजर मासिक हप्त्याच्या आकड्यावर जाते आणि ज्याचा हप्ता सर्वांत कमी, तोच सौदा स्वस्त असे बहुधा तिथेच ठरून जाते. वस्तुतः शोरूममध्ये आपण एक नव्हे, निदान तीन सौदे करत असतो: गाडीच्या किमतीचा, कर्जाचा आणि विम्याचा. जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर चौथाही. विक्रेत्याला हे सारे सौदे एकाच आकड्यात गुंडाळून दाखवणे सोयीचे असते, कारण एका ठिकाणी दिलेली सूट दुसऱ्या ठिकाणी वसूल करता येते. आणि तो एक आकडा बहुतेकदा मासिक हप्ता असतो. म्हणून कोटेशने ताडून पाहण्याचे काम म्हणजे मुख्यतः हे गुंडाळलेले सौदे पुन्हा सुटे करण्याचे काम होय.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण धरू. पिंपरी-चिंचवडमधील एका पगारदार कुटुंबाला ९,५०,००० रुपये एक्स-शोरूम किमतीची (म्हणजे रस्ता कर, नोंदणी व विमा सोडून) पेट्रोल गाडी घ्यायची आहे आणि त्यासाठी ८,००,००० रुपयांचे पाच वर्षांचे कर्ज काढायचे आहे. व्याजदर, सवलती व शुल्काचे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत. हिशेबाची रीत मात्र कोणत्याही गाडीला आणि कोणत्याही शहरात लागू पडते.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी

पहिले काम शोरूमबाहेरचे आहे. ज्या बँकेत पगार जमा होतो त्या बँकेकडून, आणि शक्य असल्यास आणखी एका सरकारी किंवा सहकारी बँकेकडून, आपल्याला मोटारकर्ज कोणत्या दराने मिळेल हे आधी लेखी विचारून घ्यावे. हा दर हातात नसेल तर शोरूममधील कर्जविभागाने सांगितलेला दर चांगला की वाईट हे ठरवायला आपल्याकडे काही मापच उरत नाही. शोरूममध्ये बसलेले बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे प्रतिनिधी जे कर्ज मिळवून देतात, त्यावर विक्रेत्याला कमिशन मिळते; त्या धंद्यात त्याला पेआउट म्हणतात. त्यात बेकायदा काही नाही, परंतु विक्रेता ज्या बँकेची सर्वाधिक शिफारस करतो तीच आपल्यासाठी सर्वांत स्वस्त असेल असे मानण्याचे कारणही नाही.

दुसरे काम पतअहवालाचे. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मागवून त्यात फेडून झालेले एखादे जुने कर्ज चालू दाखवलेले नाही ना, हे तपासावे. पुष्कळ बँकांचे दर अहवालातील गुणांकानुसार, म्हणजे क्रेडिट स्कोअरनुसार, बदलतात, आणि अहवालातील चूक दुरुस्त करून घेण्यास काही आठवडे जातात. म्हणून ही तपासणी बुकिंगच्या आधीची आहे.

यालाच जोडून एक सावधगिरी. कोटेशन मागताना पॅन आणि आधारच्या प्रती लगेच देऊ नयेत. शोरूममधील प्रतिनिधी एकाच ग्राहकाची फाइल तीन-चार बँकांत एकदम लॉगिन करतात, जेणेकरून कुठेतरी मंजुरी लागावी. आणि त्यातील प्रत्येक बँक पतअहवाल मागवते. थोड्या दिवसांत अशा अनेक चौकश्यांची नोंद झाली तर गुणांकावर परिणाम होऊ शकतो. दराचा अंदाज सांगण्यासाठी वय, उत्पन्न, नोकरीचे स्वरूप आणि गुणांक एवढी तोंडी माहिती पुरते. कागदपत्रे निवड झाल्यावर, आणि निवडलेल्या एकाच बँकेसाठी द्यावीत.

तिसरे, कर्जाची रक्कम आणि मुदत आपण घरी ठरवून जावे आणि ती सर्व विक्रेत्यांना सारखीच सांगावी. एकाने सात लाखांचे सात वर्षांसाठी आणि दुसऱ्याने साडेआठ लाखांचे पाच वर्षांसाठी कोटेशन दिले तर त्यांची तुलना होऊच शकत नाही. ‘महिन्याला किती परवडेल, साहेब?’ हा विक्रेत्याचा आवडता प्रश्न आहे. त्याचे उत्तर दिले की आपल्याला परवडेल असा हप्ता येईपर्यंत मुदत ताणली जाते. ९ टक्के दराने ८,००,००० रुपयांचा पाच वर्षांचा हप्ता १६,६०७ रुपये येतो आणि सात वर्षांचा १२,८७१. हप्ता पावणेचार हजारांनी उतरला म्हणून बरे वाटते, पण एकूण व्याज सुमारे १,९६,००० वरून सुमारे २,८१,००० रुपयांवर जाते.

कोटेशनमधील प्रत्येक ओळ सुटी मागावी

‘ऑन-रोड साडेअकरा लाख, सगळे धरून’ असे तोंडी उत्तर म्हणजे कोटेशन नव्हे. विक्रेत्याच्या छापील कागदावर, तारखेसह, गाडीचे व्हेरियंट आणि रंग लिहून पुढील रकमा वेगवेगळ्या हव्यात: एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी व कर्जाचा बोजा चढवण्याचे (नोंदणीवर कर्जाची नोंद करण्याचे) शुल्क, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज, सवलत, आणि टीसीएस (विक्रेत्याने विक्रीच्या वेळी गोळा करायचा आयकर) लागू असल्यास तोही. यांतील काही ओळी सर्वत्र सारख्याच असतात, त्यामुळे तिथे वेळ घालवू नये. काही ओळींतच खरा फरक असतो.

सारख्या असणाऱ्या ओळी अशा. एकाच उत्पादकाच्या एकाच व्हेरियंटची एक्स-शोरूम किंमत एका शहरातील विक्रेत्यांमध्ये सहसा बदलत नाही. रस्ता कर राज्याच्या नियमाने ठरतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात १,०४,५०० रुपये. हा कर गाडी जिथे विकत घेतली त्या राज्याचा नव्हे, तर जिथे तिची कायम नोंदणी होते त्या राज्याचा असतो. म्हणून कोल्हापूरच्या ग्राहकाने बेळगावचे किंवा सावंतवाडीच्या ग्राहकाने गोव्याचे कोटेशन आणले तर त्यातील कराची ओळ महाराष्ट्राच्या दराने पुन्हा मांडावी लागते. हलक्या मोटार वाहनावर कर्जाचा बोजा, म्हणजे बोलीभाषेत एचपी, चढवण्याचे केंद्रीय नियमांतील शुल्क १,५०० रुपये आहे; त्याजागी चार-पाच हजार दिसले तर उरलेली रक्कम कशाची हे विचारावे. गाडीची किंमत दहा लाखांच्या वर असल्यास एक टक्का टीसीएस घेतला जातो. तो खर्च नसून आगाऊ भरलेला आयकर आहे आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. म्हणून तुलनेत तो धरायचा तर सर्वांसाठी धरावा किंवा कोणासाठीच धरू नये.

फरकाची सर्वांत मोठी ओळ विम्याची. नव्या खासगी मोटारीला तीन वर्षांचे तृतीय पक्ष संरक्षण सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचे आहे आणि त्याचे दर सर्व कंपन्यांसाठी सारखेच ठरवून दिलेले असतात. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांसाठी १०,६४० रुपये आणि त्यावर जीएसटी. म्हणजे एका कोटेशनमध्ये विमा ३८,००० आणि दुसऱ्यात ४८,००० असेल, तर तो फरक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या एक वर्षाच्या संरक्षणातून आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन संरक्षण, रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेल्यास बिलाइतकी भरपाई) अशा जोडसंरक्षणांतून आलेला असतो. शोरूमने सुचवलेल्या कंपनीचाच विमा घेतला पाहिजे असे बंधन नाही. मात्र स्वस्त विमा निवडताना गाडीचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखेच आहे ना हे पाहावे. विमामूल्य खाली ओढून विम्याचा हप्ता कमी दाखवणे ही जुनी क्लृप्ती आहे. ज्यांनी जुनी गाडी विकलेली आहे त्यांनी तिचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) नव्या विम्यात वळवण्यास सांगावे. तो स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि ग्राहकाने विचारल्याशिवाय तो कोटेशनमध्ये क्वचितच दिसतो.

हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो, फाइल चार्ज अशा नावांची कोणतीही रक्कम दिसली तर ती थेट खोडून द्यावी. गाडी शोरूमपर्यंत आणणे हा विक्रेत्याचा धंदा आहे. टेफ्लॉन कोटिंग, मॅट, सीट कव्हर यांचे ‘सक्तीचे पॅकेज’ हे त्याच जातीचे. ते हवे असेल तर बाहेरच्या दुकानातील भावाशी ताडून घ्यावे.

आपल्या उदाहरणात एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर आणि नोंदणी, बोजा, फास्टॅग यांचे मिळून ५,५०० रुपये धरले तर सर्व विक्रेत्यांकडची सामाईक रक्कम १०,६०,००० रुपये होते. येथून पुढे प्रत्येकाची वाट निराळी.

व्याजदर कोणत्या पद्धतीचा

‘फक्त सव्वापाच टक्के’ हे शब्द कानी पडले की पहिला प्रश्न एकच विचारावा: फ्लॅट की रिड्यूसिंग? फ्लॅट पद्धतीत व्याज संपूर्ण मूळ रकमेवर संपूर्ण मुदतीसाठी मोजले जाते, जरी मुद्दल दर महिन्याला फिटत असले तरी. घटत्या शिलकीच्या पद्धतीत उरलेल्या मुद्दलावरच व्याज बसते. ८,००,००० रुपयांवर ५.२५ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांचे व्याज २,१०,००० रुपये आणि हप्ता १६,८३३ रुपये होतो. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजला तर दर जवळजवळ ९.६ टक्के निघतो. पाच वर्षांच्या कर्जासाठी खरा दर फ्लॅट दराच्या दुपटीपेक्षा थोडा कमी, असा अंदाज मनाशी बाळगला तर फारसे चुकत नाही, उदाहरणार्थ, ५.५ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर अगदी १० टक्के.

दुसरा प्रश्न आगाऊ हप्त्याचा. काही संस्था पहिला हप्ता कर्ज देतानाच कापून घेतात. तेव्हा आपल्या हाती ८,००,००० नव्हे, ७,८३,१६७ रुपयेच येतात, व्याज मात्र आठ लाखांवर मोजलेले असते. वरील सव्वापाच टक्के फ्लॅट कर्जात एक आगाऊ हप्ता धरला की खरा दर ९.९ टक्क्यांच्या पुढे जातो, आणि ४,१३० रुपयांचे प्रक्रिया शुल्क धरले की सुमारे १०.२ टक्के होतो. म्हणजे फलकावरचा सव्वापाच आणि प्रत्यक्षातील सव्वादहा हे एकच कर्ज आहे.

हा खरा दर काढण्यासाठी गणिती असण्याची गरज नाही. एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये रेट नावाचे सूत्र आहे. त्यात पहिल्या जागी उरलेल्या हप्त्यांची संख्या, दुसऱ्या जागी हप्त्याची रक्कम उणे चिन्हासह आणि तिसऱ्या जागी प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम घालावी. आलेल्या उत्तराला बाराने गुणले की वार्षिक दर मिळतो. हाती येणारी रक्कम म्हणजे कर्जातून आगाऊ हप्ते, प्रक्रिया शुल्क आणि कागदपत्रांचे शुल्क वजा करून उरलेली रक्कम. शेतकरी ग्राहकांना वित्तसंस्था सहामाही हप्त्यांचे कर्ज देतात, त्यातही दर अनेकदा फ्लॅटच सांगितला जातो; तिथे हप्त्यांची संख्या सहामाहीत मोजून उत्तराला दोनाने गुणावे.

दर स्थिर आहे की बदलता, हेही याच वेळी लिहून घ्यावे. बदलत्या दराचे नवे कर्ज बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारख्या बाह्य निर्देशांकाशी जोडावे असा ऑक्टोबर २०१९ पासूनचा नियम आहे, त्यामुळे रेपो उतरला तर हप्ता किंवा मुदत उतरते आणि चढला तर चढते. खासगी बँका आणि वित्तसंस्थांची मोटारकर्जे मात्र बहुतांशी स्थिर दराची असतात, आणि त्याचा संबंध पुढे येणाऱ्या मुदतपूर्व फेडीशी आहे.

कमी व्याज की रोख सवलत

या विषयाचा गाभा इथे आहे. उत्पादकाच्या स्वतःच्या किंवा त्याच्याशी करार असलेल्या वित्तसंस्थेची ‘७.९९ टक्के विशेष योजना’ येते, तेव्हा बाजारातील दर आणि योजनेतील दर यांतील फरक कोणीतरी भरत असते. तो उत्पादक किंवा विक्रेता भरतो, आणि बहुधा ग्राहकाला मिळू शकणाऱ्या रोख सवलतीतूनच. म्हणून अशा योजनेसोबतचा प्रश्न असा: हे कर्ज न घेता मी बाहेरून पैसे आणले तर गाडी कितीला द्याल? उत्तर ‘चाळीस हजार कमी’ असे आले, तर त्या स्वस्त कर्जाची किंमत चाळीस हजार आहे.

हिशेब असा. ७.९९ टक्के दराने ८,००,००० रुपयांचा पाच वर्षांचा हप्ता १६,२१७ रुपये येतो. हे कर्ज घेण्यासाठी आपण ४०,००० रुपयांची सवलत सोडली, म्हणजे या कर्जातून आपल्याला खरोखर उपयोगी पडलेली रक्कम ७,६०,००० रुपये. रेट सूत्रात साठ हप्ते, उणे १६,२१७ आणि ७,६०,००० घातले की उत्तर येते सुमारे १०.२ टक्के, तेही प्रक्रिया शुल्क धरण्याआधी. बाजारातील दर ९.२५ टक्के धरला, तर जे कर्ज त्यापेक्षा सव्वा टक्क्याने स्वस्त दिसत होते, ते जवळजवळ एक टक्क्याने महाग ठरले. मुदत जितकी लहान आणि कर्ज जितके कमी, तितकी रोख सवलत अधिक फायद्याची; मोठ्या रकमेच्या लांब मुदतीच्या कर्जात कमी दराची योजना जिंकू शकते. त्यामुळे यात नियम सांगता येत नाही, दर वेळी आकडे मांडावे लागतात.

जुन्या गाडीच्या एक्स्चेंज बोनसचेही असेच आहे. ‘पंचवीस हजारांचा बोनस’ देणारा विक्रेता जुन्या गाडीचे मोल बाहेरच्या बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी लावत असेल, तर तो बोनस आपणच त्याला दिलेला आहे. जुन्या गाडीसाठी बाहेरचे एक-दोन भाव आधी घेऊन ठेवावेत आणि बोनस व मोल यांची बेरीजच ताडून पाहावी.

चार कोटेशने एका कागदावर

आता सगळे एका कागदावर मांडू. अ हा शहरातील विक्रेता असून त्याच्याकडे एका खासगी बँकेचे कर्ज आहे. आ कडे उत्पादकाशी जोडलेल्या वित्तसंस्थेची योजना आहे आणि त्याने कर्जाच्या सुरक्षेचा विमा कर्जातच मिळवला आहे. इ ने फ्लॅट दर आणि एक आगाऊ हप्ता सांगितला आहे. ई म्हणजे अ कडूनच गाडी, पण कर्ज आपल्या बँकेचे आणि विमा बाहेरून घेतलेला; त्यासाठी अ ने सवलत ३५,००० वर आणली आहे.

| तपशील (रुपये) | अ | आ | इ | ई |
|---|---|---|---|---|
| सांगितलेला दर | ९.२५% घटता | ७.९९% घटता | ५.२५% फ्लॅट | ९% घटता |
| सवलत | ४०,००० | नाही | ४५,००० | ३५,००० |
| गाडीचा विमा | ४८,००० | ४६,००० | ४१,००० | ३८,००० |
| सक्तीच्या ॲक्सेसरीज | नाही | नाही | १५,००० | नाही |
| कर्जात मिळवलेला कर्जविमा | नाही | १४,००० | नाही | नाही |
| प्रक्रिया शुल्क, जीएसटीसह | ५,९०० | ९,४४० | ४,१३० | १,७७० |
| मासिक हप्ता | १६,७०४ | १६,५०१ | १६,८३३ | १६,६०७ |
| पहिल्या दिवशी खिशातून | २,७३,९०० | ३,१५,४४० | २,९१,९६३ | २,६४,७७० |
| पाच वर्षांत एकूण | १२,७६,१४० | १३,०५,५०० | १२,८५,११० | १२,६१,१९० |

शेवटची ओळ काढण्याची रीत सोपी आहे: पहिल्या दिवशी खिशातून जाणारी सर्व रक्कम, अधिक उरलेले सर्व हप्ते. इ च्या पहिल्या दिवसात आगाऊ हप्ता धरला असल्याने त्याचे पुढे एकोणसाठच हप्ते मोजले आहेत.

सर्वांत कमी हप्ता आ चा आहे आणि सर्वांत महाग सौदाही त्याचाच. अ पेक्षा महिन्याला २०३ रुपये वाचवण्यासाठी तो पाच वर्षांत २९,३६० रुपये जास्त घेतो, आणि पहिल्याच दिवशी ४१,५४० रुपये अधिक मागतो. त्यातील कर्जविमा काढून टाकला तरी एकूण १२,८८,४६० होतात, म्हणजे तरीही अ स्वस्त. कर्जविमा ऐच्छिक असतो. घरात पुरेसा मुदतविमा असेल तर त्याची गरज नसते, आणि तो कर्जात मिळवला की त्याच्या हप्त्यावरही पाच वर्षे व्याज भरावे लागते. इ ची सवलत सर्वांत मोठी होती, पण तिचा तिसरा हिस्सा ॲक्सेसरीजमध्ये परत गेला.

असा कागद हातात आला की घासाघीस करायलाही आधार मिळतो. अ ला इ ची ४५,००० ची सवलत दाखवून तेवढीच मागता येते. ती मिळाली आणि कर्ज व विमा ई प्रमाणे ठेवला, तर एकूण १२,५१,१९० वर येते. बाहेरचे कर्ज आणले तर सवलत मिळणार नाही, असे एखादा विक्रेता सांगेल. पेआउट जाणार म्हणून सवलत थोडी कमी होणे समजण्यासारखे आहे. ती किती कमी होते हे लेखी घेऊन कागदावर आणखी एक स्तंभ वाढवावा, म्हणजे वाद न घालता उत्तर मिळते.

मुख्य तथ्यांचे विवरणपत्र

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी बँकांनी, नागरी सहकारी बँकांनी आणि बिगरबँक वित्तसंस्थांनी ग्राहकाला की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे मुख्य तथ्यांचे विवरणपत्र, करारापूर्वी देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत हवे. मराठीत मागण्यास संकोच करू नये. त्यात सर्व शुल्कांसह काढलेला वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, आणि प्रत्येक हप्त्यातील मुद्दल व व्याजाचा तक्ता असतो. विमा किंवा कायदेशीर कामासारखे तिसऱ्या पक्षाचे जे खर्च कर्ज देणारी संस्था वसूल करते, तेही या दरात मोडतात. विवरणपत्रात न लिहिलेले शुल्क पुढे ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जाबाबत त्यातील अटी निदान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात, म्हणजे त्या अवधीत दुसऱ्या बँकेचे विवरणपत्र शेजारी ठेवून पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. ‘आज सही केली तरच हा दर’ असे म्हणणाऱ्या प्रतिनिधीला हे शांतपणे सांगावे.

या विवरणपत्राच्या दोन मर्यादा आहेत. सोडून दिलेली रोख सवलत त्यात दिसत नाही, कारण ती कर्जाच्या कागदावर नसतेच. एपीआर कमी असूनही सौदा महाग असू शकतो तो याचमुळे, आणि वरचा तक्ता त्यासाठीच मांडायचा. दुसरे, आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्था आणि पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थाही मोटारकर्ज देतात. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. त्यांचा दर चांगला असू शकतो, पण शुल्के, भागभांडवलासाठी कापली जाणारी रक्कम आणि व्याजाची पद्धत स्वतः विचारून लिहून घ्यावी लागते.

मुदतीआधी कर्ज फेडायचे असेल तर

तीन वर्षांनी बोनस मिळेल, मग कर्ज बंद करू, असे मनात असेल तर मुदतपूर्व फेडीचे शुल्क आत्ताच तक्त्यात यायला हवे. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर बँका असे शुल्क घेऊ शकत नाहीत. स्थिर दराच्या कर्जावर मात्र ते घेता येते, आणि मोटारकर्जात ते सर्रास असते. अ चे कर्ज तीन वर्षांनी बंद करायचे ठरवले तर तेव्हा शिल्लक मुद्दल सुमारे ३,६४,७०० रुपये असेल आणि वाचणारे व्याज सुमारे ३६,००० रुपये. शुल्क ५ टक्के अधिक जीएसटी असेल, तर २१,५०० रुपये त्यातच जातील. अंशतः फेड चालते का, वर्षातून किती वेळा, आणि पहिले किती महिने ती बंद आहे, हेही विचारावे. ज्यांची लवकर फेडण्याची खरोखर तयारी आहे त्यांनी पाव टक्का जास्त पण बदलत्या दराचे कर्ज निवडले तरी ते शहाणपणाचे ठरू शकते.

विजेवर चालणारी गाडी घेणाऱ्यांना कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखांची वजावट मिळेल असे अजूनही काही ठिकाणी सांगितले जाते. ती वजावट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती. नव्या कर्जाच्या हिशेबात ती धरू नये.

बुकिंग आणि सही

गुढीपाडवा, दसरा किंवा धनत्रयोदशीला गाडी दारात हवी असेल तर ही सगळी तुलना निदान दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये कोणताही आकडा बदलून मिळत नाही, आणि कागद वाचायला कोणाला सवडही नसते. बुकिंगची रक्कम देताना पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: ठरलेली सवलत, आणि कर्ज नामंजूर झाल्यास किंवा ठरलेल्या मुदतीत गाडी न मिळाल्यास बुकिंगची पूर्ण रक्कम परत मिळेल ही अट. सवलत बुकिंगच्या तारखेची की डिलिव्हरीच्या तारखेची हेही तिथेच स्पष्ट व्हावे, कारण उत्पादकाच्या योजना सहसा महिन्याच्या हिशेबाने बदलतात.

कर्जाची रक्कम बँक थेट विक्रेत्याला देते, आणि ती दिल्या दिवसापासून व्याज सुरू होते, गाडी आपल्या दारात असो वा नसो. म्हणून विक्रेत्याने चेसिस क्रमांक लिहिलेला परफॉर्मा (आगाऊ बिल) दिल्याशिवाय रक्कम सोडू नये असे बँकेला लेखी कळवावे. पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या मधल्या दिवसांचे व्याज वेगळे घेतले जाणार आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.

सहीच्या दिवशी हाती तीन कागद असावेत: विक्रेत्याचे अंतिम कोटेशन, बँकेचे विवरणपत्र आणि प्रत्यक्ष करार. कर्जाची रक्कम, दर व त्याची पद्धत, हप्त्यांची संख्या, प्रत्येक शुल्क आणि मुदतपूर्व फेडीची अट या पाच ठिकाणी तिन्ही जुळतात का ते बोट ठेवून पाहावे. कर्जाची रक्कम ८,००,००० ऐवजी ८,१४,००० दिसली, तर कोणता तरी विमा न विचारता मिसळला आहे. रिकाम्या फॉर्मवर आणि कोऱ्या जागा असलेल्या करारावर सही करू नये. खात्यातून हप्ता वळता करण्याच्या आदेशपत्रावर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख भरलेली असावी. विवरणपत्रात नसलेले शुल्क नंतर कापले गेले तर आधी बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. त्यासाठीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते, आणि तिथे पुरावा म्हणून विवरणपत्र आणि तारखेसह जपलेले कोटेशन हेच दोन कागद सर्वाधिक उपयोगी पडतात.